परदेशी शिकलेला अभियंता आणि डोंगरातला लोहमार्ग

(हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८७२ सालच्या वसंतात दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात एका पित्याने एका कागदावर सही केली. मुलगा जेमतेम अकरा वर्षांचा होता. कागदाची भाषा सरकारी आणि कोरडी होती. मुलाला तंत्रविद्या शिकण्यासाठी अमेरिकेत नेण्यास आपली राजीखुशी आहे. परतल्यावर तो सरकार सांगेल ते काम करील, परदेशात राहून स्वतःचा उद्योगधंदा करणार नाही. आणि मधल्या काळात आजार किंवा मृत्यू ओढवला तर तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग समजावा, असा त्या कागदाचा आशय होता. शिक्षणाची मुदत पंधरा वर्षे ठरली होती. म्हणजे अकरा वर्षांचा मुलगा घराबाहेर पडणार आणि परतेल तेव्हा सव्विशीचा पुरुष झालेला असणार.

आज विमानतळावर मुलाला निरोप देतानाही आईवडिलांचा जीव खालीवर होतो. पण त्याच रात्री त्याचा चेहरा मोबाइलवर दिसतो, त्याने काय खाल्ले हे कळते. त्या पित्याच्या वाट्याला असे काही नव्हते. पत्र जायचे जहाजाने आणि उत्तर यायचेही जहाजाने. शिवाय जे शिकायला मुलगा निघाला होता, ते डोळ्यांनी पाहिलेला माणूसही त्या पंचक्रोशीत सापडणे कठीण. घराणे एके काळी चहाच्या व्यापारात होते. तो व्यापार बुडाला होता. हाँगकाँगला जाऊन-येऊन असणाऱ्या एका स्नेह्याने या योजनेची माहिती दिली आणि पित्याची समजूत घातली. त्याच स्नेह्याची मुलगी पुढे त्या घरची सून झाली, हे जाता जाता सांगितलेले बरे.

मुलाचे नाव झान तिएनयौ. बीजिंगपासून चीनच्या महाभिंतीखालून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग बांधणारा हा अभियंता आजही चीनमधील शाळकरी मुलांच्या पाठ्यपुस्तकात भेटतो. पाठ्यपुस्तकातील थोर पुरुष बहुधा जन्मतःच थोर असतात. झान यांची खरी हकीकत तशी नाही, आणि म्हणूनच ती ऐकण्याजोगी आहे.

या योजनेमागे युंग विंग नावाचे गृहस्थ होते. मकावजवळच्या खेड्यात जन्मलेले, मिशनरी शाळेत शिकलेले आणि १८५४ साली येल विद्यापीठाचे पदवीधर झालेले युंग विंग हे अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळवणारे पहिले चिनी होत. अफूच्या युद्धांत मार खाल्लेल्या चीनला तोफा, जहाजे आणि यंत्रे हवी होती. यंत्रे विकत मिळतात, पण ती समजणारी माणसे विकत मिळत नाहीत, हे युंग विंग यांना स्वानुभवाने ठाऊक होते. झेंग ग्वोफान आणि ली होंगझांग या दोन मातब्बर मुत्सद्द्यांना ते पटवण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. अखेर दर वर्षी तीस याप्रमाणे चार वर्षांत एकशेवीस मुले पाठवण्याचे ठरले. प्रतिष्ठित, विद्वान घराण्यांनी मुले देण्याचे टाळले. त्यांना आपली मुले शाही परीक्षांना बसवायची होती. अधिकारपदाचा राजमार्ग तोच होता. त्यामुळे निवडलेल्या मुलांपैकी बहुतेक क्वांगतुंगसारख्या किनारी प्रांतातील, साध्या किंवा खालावलेल्या घरांतील निघाली.

पहिली तीस मुले १८७२च्या ऑगस्टमध्ये शांघायहून निघाली. झान त्यांच्यात होता. सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर ती आगगाडीत बसली. त्या वर्षी चीनमध्ये चालता लोहमार्ग एकही नव्हता. या मुलांनी पाहिलेली पहिली आगगाडी ही अमेरिका खंड ओलांडणारी होती. तीनच वर्षांपूर्वी, १८६९ साली, तो मार्ग पुरा झाला होता. सिएरा नेवाडा पर्वतातील त्याचे बोगदे सुरुंग लावून, हिमवर्षावात राहून ज्यांनी फोडले ते हजारो मजूर चिनीच होते, आणि त्यांतील बहुसंख्य याच क्वांगतुंग प्रांतातले. एकाच प्रांतातील माणसांनी तो कातळ फोडला आणि त्याच प्रांतातील मुले खिडकीला नाक लावून त्या बोगद्यांतून गेली. फोडणाऱ्यांनी पहारी पेलल्या, पण रेषा कोठून न्यायची, चढ किती ठेवायचा, हे ठरवण्यासाठी त्यांना कोणी विचारले नव्हते. रेल्वेचे तंत्र जगभर पसरले असे म्हणताना या दोन गोष्टींतील अंतर पुष्कळदा विसरले जाते. रूळ एका देशातून दुसऱ्या देशात बोटीने जातात. रूळ कोठे टाकायचे याची विद्या बोटीने जात नाही.

कनेक्टिकट राज्यात मुलांना दोन-दोन, तीन-तीन अशी स्थानिक कुटुंबांत ठेवले गेले. झान वेस्ट हेवन येथील नॉर्थ्रप कुटुंबात राहिला. घरच्या बाईंना तो पुढे आयुष्यभर पत्रे लिहीत असे. मुलांची मातृभाषा सुटू नये म्हणून हार्टफर्ड येथील मुख्य कार्यालयात त्यांना पाळीपाळीने बोलावून चिनी भाषा आणि अभिजात ग्रंथ शिकवले जात. आठवडाभर इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला रविवारी बाराखडी गिरवायला बसवणाऱ्या परप्रांतीच्या मराठी आजी-आजोबांना या व्यवस्थेतील कळकळही कळेल आणि तिच्यातील अडचणीही कळतील. मुलांना ती शिकवणी नकोशी वाटे. त्यांना बेसबॉल हवा होता. लांब झगे जाऊन कोट आले. काहींनी शेंडीही कापली. त्या काळी चीनमध्ये शेंडी कापणे म्हणजे राजद्रोह होता.

देखरेखीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी तक्रारी धाडल्या: मुले गुडघे टेकून नमस्कार करीत नाहीत, काही ख्रिस्ती झाली आहेत, ही परतून देशाच्या काय कामी येणार? अमेरिकेतही चिन्यांविरुद्ध वारे वाहू लागले होते, आणि सैनिकी व नौदल विद्यालयांत या मुलांना प्रवेश देण्यास तेथील सरकारने नकार दिला. योजना मधेच मोडली. १८८१ साली सर्वांना परत बोलावण्यात आले. झानने त्याच वर्षी येलच्या शेफील्ड सायंटिफिक स्कूलमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. माघारी निघालेल्यांत पदवी हाती असलेले दोघेच होते. बाकीच्यांची महाविद्यालये अर्ध्यावर सुटली, कित्येकांच्या तर शाळाच.

शांघायच्या धक्क्यावर त्यांच्या स्वागताला कोणी आले नाही. एका जुन्या, कोंदट इमारतीत पहाऱ्यात ठेवून त्यांची छाननी झाली आणि मग खात्याखात्यांत वाटणी. वाटणी करताना कोण काय शिकला आहे हे फारसे पाहिले गेले नाही. लोहमार्ग शिकून आलेल्या झान यांना फूचौच्या नौदल विद्यालयात जहाज हाकायला शिकण्यासाठी पाठवले गेले. पुढे ते नौदलाच्या शाळांत शिकवू लागले; क्वांगतुंगच्या किनाऱ्याचे नकाशे काढण्याचे कामही त्यांनी केले. त्यांच्याबरोबर परतलेल्यांपैकी काही तरुण १८८४ साली फ्रेंचांशी झालेल्या फूचौच्या लढाईत बुडालेल्या जहाजांवर मरण पावले. ज्यांच्या शिक्षणावर सरकारने दहा वर्षे पैसा ओतला, त्यांचा असा विनियोग झाला. १८८१ ते १८८८ या सात वर्षांत झान यांच्या हातून रेल्वेचा एक खिळाही ठोकला गेला नाही.

या सात वर्षांच्या शेजारी जपानमधील एक हकीकत ठेवून पाहावी. तेथील इनोउए मासारू हा विशीतला तरुण १८६३ साली आणखी चौघांबरोबर चोरून इंग्लंडला गेला. परवानगीवाचून देश सोडणाऱ्यास त्या वेळी देहान्त शिक्षा होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून तो १८६८ साली परतला, तो नेमका राज्यक्रांतीच्या वर्षी. नव्या राजवटीने त्याला फार काळ रिकामे ठेवले नाही. १८७१ साली रेल्वेचा कारभार त्याच्या हाती दिला. पुढल्याच वर्षी, म्हणजे झान बोटीत चढला त्याच १८७२ साली, शिंबाशी ते योकोहामा ही जपानची पहिली रेल्वे सुरू झाली. तिचे मुख्य अभियंता एडमंड मोरेल हे इंग्रज होते. जपानी तरुणांना शिकवण्याची सोय आधी करा, असा सल्ला त्यांनी प्रारंभीच दिला होता. पाहुण्या तज्ज्ञाने स्वतःची गरज संपवण्याचा सल्ला द्यावा हे विरळा. मोरेल रेल्वे सुरू होण्यापूर्वीच क्षयाने वारले. इनोउए यांनी १८७७ साली ओसाकाला अभियंते तयार करण्याची शाळा काढली, आणि १८८० साली क्योतो व ओत्सू यांच्यामधील ओसाकायामाचा बोगदा केवळ जपानी माणसांच्या हातून पुरा झाला. पहिली गाडी धावल्यापासून अवघ्या आठ वर्षांत.

जपानी मुले अधिक हुशार होती आणि चिनी मंद, असे कोणीही म्हणणार नाही. एका देशाने परतलेल्या मुलाच्या हाती काम दिले आणि दुसऱ्याने संशयाने त्याची झडती घेतली, एवढाच फरक. चीनमध्ये तर या काळात लोहमार्गाचीच झडती चालू होती. १८७६ साली विदेशी व्यापाऱ्यांनी शांघायजवळ वूसोंगपर्यंत एक छोटी रेल्वे रीतसर परवानगीवाचून बांधली. सरकारने ती विकत घेतली आणि १८७७ साली उखडून टाकली. पैसे मोजून उखडली, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. १८८१ साली तांगशानच्या कोळशाच्या खाणीसाठी आणखी एक मार्ग झाला, तेव्हा सुरुवातीला डबे ओढायला खेचरे जुंपावी लागली. तेथील इंग्रज अभियंता क्लॉड किंडर यांनी भंगारातले सुटे भाग जमवून एक इंजिन उभे केले आणि हळूहळू ते रुळांवर चालू दिले गेले.

याच किंडर यांच्या हाताखाली १८८८ साली झान यांना अखेर रेल्वेत काम मिळाले, तेही अमेरिकेत बरोबर असलेल्या एका जुन्या सहाध्यायाच्या शिफारशीने. वय सत्तावीस. पद दुय्यम. काम रूळ टाकून घेण्याचे. पुढे लुआन नदीवरील पुलाचे काम निघाले. नदीचा तळ वाळूचा आणि प्रवाह अवखळ. खांबांचा पाया ठरेना. दाबलेली हवा भरलेल्या पेट्या पाण्याखाली उतरवून त्यांच्या आत माणसांनी खोदत खाली जायचे, ही रीत वापरून तो पाया घातला गेला, आणि त्या कामात झान यांचे नाव झाले. १९०२-०३च्या हिवाळ्यात राजमातेला पूर्वजांच्या समाधिस्थानी जाता यावे म्हणून एक छोटा फाटा त्यांनी काही महिन्यांत बांधून दिला. राजघराण्याच्या यात्रेसाठी का होईना, चिनी अभियंत्याच्या संपूर्ण देखरेखीखाली रूळ पडले.

आणि मग १९०५ साल उजाडले. बीजिंगपासून वायव्येकडे झांगजियाकोउ हे मंगोलियाच्या व्यापाराचे नाके. चहा, लोकर, कातडी यांची वाहतूक उंटांच्या तांड्यांवर चाले. या मार्गावर रशियाचा डोळा होता आणि ब्रिटनचाही. दोघांनी एकमेकांना अडवले. कोणाचेच भांडवल आणि कोणाचाच अभियंता नको, या तोडग्यावर प्रकरण मिटले, तेव्हा चीन सरकारने स्वतःच्या दुसऱ्या रेल्वेच्या नफ्यातून पैसा काढला आणि झान यांना मुख्य अभियंता नेमले. म्हणजे चिनी माणसावरील विश्वासापेक्षा दोन परकीयांच्या भांडणाने ही संधी दिली. हा मार्ग बांधू शकणारा चिनी अभियंता अजून जन्माला यायचा आहे, अशी थट्टा तेव्हा परदेशी मंडळींत चाले म्हणतात. झान यांनी नॉर्थ्रपबाईंना लिहिलेल्या पत्रात या कामाचे ओझे उतरले आहे. आपण फसलो तर ते आपल्या एकट्याचे दुर्दैव ठरणार नाही, यापुढे चिनी अभियंत्यावर कोणी विश्वास टाकणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले होते. परदेशी शिकलेल्या पहिल्या पिढीच्या माणसाला आपल्या चुकीपुरते चुकण्याची मुभा नसते. तिच्यात सगळ्या समाजाची चूक मोजली जाते.

दोन तरुण विद्यार्थी आणि मोजणीची उपकरणे घेऊन त्यांनी डोंगर पालथा घातला. तीन मार्ग तपासले. त्यांतील एक नदीच्या खोऱ्यातून जाणारा, चढ सौम्य असलेला, पण बोगद्यांचा आणि पैशाचा. तो त्यांना भावला होता. पण तेवढा पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. (त्या खोऱ्यातून मार्ग झाला, पण तो पन्नास वर्षांनी, १९५५ साली.) म्हणून त्यांनी नानकोउ खिंडीचा जवळचा, पण खडा मार्ग पत्करला. मोजणीच्या कामात ‘सुमारे’, ‘जवळपास’ असे शब्द अभियंत्याच्या तोंडी शोभत नाहीत, असा त्यांचा आग्रह सांगितला जातो. गणिताच्या कोणत्याही शिक्षकाला हे वाक्य वर्गाच्या भिंतीवर लावावेसे वाटेल.

सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग (शब्दाबद्दल क्षमा असावी), चार बोगदे. सर्वांत मोठा महाभिंतीखालचा बादालिंगचा, १,०९१ मीटर लांब. दोन्ही तोंडांकडून खणत गेले तर वर्षे लागली असती. म्हणून डोंगराच्या माथ्यावरून उभ्या विहिरी खाली उतरवल्या आणि त्यांच्या तळापासूनही दोन्ही दिशांना खणायला सुरुवात केली. खोलात साचणारे पाणी माणसांनी उपसायचे. वेगवेगळ्या तोंडांनी निघालेले खोदकाम अंधारात एकमेकांना नेमके भेटले पाहिजे. तेथे ‘जवळपास’ भेटून चालत नाही.

चढ तीसास एक. तीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. वाफेच्या इंजिनाला हे जड. त्यातच छिंगलोंगच्याव येथे डोंगर इतका अंगावर येतो की सरळ चढणे अशक्य. तेथे झान यांनी रूळ ‘रेन’ या चिनी अक्षराच्या आकारात टाकले. हे अक्षर एका शिरोबिंदूपासून फुटलेल्या दोन पायांसारखे दिसते आणि त्याचा अर्थ माणूस. गाडी एका पायावरून चढत टोकाला जाते, थांबते, आणि मग उलटी होऊन दुसऱ्या पायावरून आणखी वर जाते. दोन टोकांना दोन इंजिने. एक ओढणारे, दुसरे ढकलणारे. उलटताना त्यांची कामे बदलतात. यामुळे माथ्यावरचा बोगदाही बराच आखूड झाला.

येथे मराठी श्रोत्यांच्या मनात खंडाळा उभा राहिला असेल, आणि तो योग्यच आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भोर घाट चढवला तो अशाच युक्तीने. जेम्स बर्कले या इंग्रज अभियंत्याने खंडाळ्याच्या बाजूला गाडी उलटवण्याचे स्थानक योजले. पंचवीस बोगदे आणि सदतिसास एक चढ असलेला तो घाट १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. बादालिंगच्या चार दशकांहून अधिक आधी. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा, १९२९च्या सुमारास, नवी रेषा आखून ते उलटणे बंद झाले. तेव्हा झान यांची कल्पना जगात पहिली होती असे नव्हे. पहिले होते ते दुसरेच काही. भोर घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबली. पटकीने आणि सुरुंगांनी किती मेली याची मोजदाद अपुरीच आहे. त्या चाळीस हजारांत सह्याद्रीच्या कुशीतील किती हुशार पोरे असतील! घाट त्यांच्या हातांनी बांधला गेला, पण त्यांतल्या एकालाही दुर्बिणीतून रेषा कशी धरायची हे शिकवून पुढचा घाट सोपवण्यात आला नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हा आशियात त्या आघाडीवर मुंबई होती. जपान आणि चीन कुठेच नव्हते. परंतु गाडी आधी येणे आणि विद्या आधी येणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत.

बादालिंगचा मार्ग १९०९ साली पुरा झाला, ठरल्या मुदतीच्या दोन वर्षे आधी आणि अंदाजापेक्षा कमी खर्चात.

यशाबरोबर दंतकथाही येतात. चीनमध्ये फार वर्षे असा समज होता की डबे आपोआप जोडणारा आकडा झान यांनी शोधला. त्याला त्यांचे नावही चिकटले. तो आकडा अमेरिकेच्या एलाय जॅनी यांचा. त्यांनी १८७३ साली त्याचे पेटंट घेतले. खड्या चढावर डबे सुटून मागे घरंगळू नयेत म्हणून झान यांनी तो आपल्या मार्गावर आणला, इतकेच. पण ‘इतकेच’ म्हणण्याचीही गरज नाही. दुसऱ्याने शोधलेली वस्तू आपल्या डोंगराला लागू पडते की नाही हे अचूक ओळखणे, हीच परदेशी शिकलेल्या अभियंत्याकडून असलेली अपेक्षा होती. त्यासाठी त्यांना खोटा मुकुट घालण्याचे कारण नव्हते.

त्यांचे आणखी एक काम मात्र पाठ्यपुस्तकात क्वचित सापडते, आणि मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळेच्या मेळाव्यात तेच अगत्याने सांगायला हवे. १९१५ साली झान यांनी अभियांत्रिकीच्या इंग्रजी संज्ञांचा चिनी कोश प्रसिद्ध केला. ज्या माणसाचे शिक्षण अकराव्या वर्षापासून इंग्रजीत झाले, ज्याला जिवाभावाची पत्रे इंग्रजीत लिहिणे सोपे जाई, त्याने बोगदे खणून झाल्यावर शब्द खणायला घेतले. कारण उघड होते. त्यांच्या हाताखालील मुकादम, मिस्त्री आणि नवशिके तरुण अमेरिकेत शिकलेले नव्हते आणि शिकणारही नव्हते. बांधणीच्या काळातच त्यांनी शिकाऊ अभियंत्यांच्या पायऱ्या ठरवल्या होत्या, परीक्षा आणि पगार नेमून दिले होते. आता त्या मुलांना एकमेकांशी बिनचूक बोलता यावे म्हणून भाषा हवी होती. एका खात्यात एका वस्तूला तीन नावे असली की कामावर माणसे मरतात; हे कारखान्यात वा रेल्वेत नोकरी केलेल्या माजी विद्यार्थ्यांना समजावून सांगायला नको. मराठीत हे काम पुष्कळसे अनामिक लोकांनी केले. आगगाडी, सांधा, सांधेवाला, फाटक हे शब्द कोशातून आले नाहीत, रुळांच्या कडेला राहणाऱ्यांच्या तोंडून आले. मात्र फाटकाच्या आतले जे शास्त्र, त्याचे शब्द तेवढ्या आत्मीयतेने घडवायला मराठीत पुरेशी माणसे बसली नाहीत. ही खंत या ठिकाणी नोंदवून पुढे जायला हवे.

बाकीच्या मुलांचे काय झाले? तांग शाओयी प्रजासत्ताक चीनचे पहिले पंतप्रधान झाले. तांग ग्वोआन यांनी आज जगभर नावाजलेल्या छिंगह्वा संस्थेच्या पहिल्या प्रमुखाचे पद भूषवले. काही तारखात्यात, काही खाणींत, काही रेल्वेत गेले. काहींचे नाव फक्त जहाजांच्या बुडीत यादीत राहिले. ज्या अधिकाऱ्यांनी ‘ही मुले देशाच्या कामाची नाहीत’ असा अहवाल धाडला होता, त्यांची नावे शोधण्यासाठी आज अभ्यासकाला जुनी दफ्तरे चाळावी लागतात. युंग विंग यांना मात्र योजना मोडल्याचे दुःख अखेरपर्यंत होते. ते १९१२ साली हार्टफर्डलाच वारले.

झान यांचे शेवटचे काम सैबेरियाच्या रेल्वेसंबंधी होते. पहिल्या महायुद्धानंतर तिच्या देखरेखीसाठी मित्रराष्ट्रांची जी समिती बसली, तिच्यात चीनच्या बाजूने बोलायला ते १९१९च्या कडाक्याच्या थंडीत व्लादिवोस्तोक आणि हार्बिन येथे गेले. प्रकृती आधीच ढासळली होती. त्याच वर्षी २४ एप्रिलला हांकोउ येथे त्यांचे निधन झाले. अठ्ठावन्नावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. पित्याने सही केलेल्या कागदात लिहिल्याप्रमाणे त्यांनी परदेशात राहून स्वतःचा धंदा केला नाही; सरकारने सांगितले तेच काम केले. फक्त सरकारला ते काम सांगायला सात वर्षे उशीर झाला.

छिंगलोंगच्याव स्थानकावर झान यांचा पुतळा आहे आणि जवळच त्यांची व त्यांच्या पत्नीची समाधी आहे. २०१९च्या अखेरीस बीजिंग ते झांगजियाकोउ अतिजलद रेल्वे सुरू झाली. तिचा बोगदा या जुन्या स्थानकाच्या खालूनच जातो. ताशी साडेतीनशे किलोमीटरपर्यंत धावू शकणाऱ्या त्या गाड्यांतील प्रवाशांना वर काय आहे हे दिसतही नाही. वरच्या जुन्या रुळांवरून महाभिंत पाहायला जाणाऱ्यांसाठी अजून हळू गाडी धावते. ती पुतळ्यापाशी येऊन थांबते, तिचे पुढचे टोक मागचे होते, मागचे पुढचे, आणि ती डोंगर चढू लागते.